तळ्यातला जावई

४ मार्च

दोऱ्याच्या कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देतो आणि मी दरवर्षी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहितो. छाती, कंबर, बाही आणि समोर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ अशी थाप. यंदा दुकान निम्मा वेळ बंदच असतं. बायको म्हणाली, “बोलत तर तुम्ही नाहीच कुणाशी, निदान लिहा तरी. सगळं आत ठेवून ठेवून एक दिवस शिवणीत उसवाल.” हिला माझ्याच धंद्यातले शब्द घेऊन मला टोचायची सवय आहे.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, “आता औषधं बदलून त्यांना उगाच त्रास नको द्यायला. त्यांना कुठे जायचंय, काय खावंसं वाटतंय, ते विचारा.” मी म्हणालो, “म्हणजे सुधारणा आहे ना?” तेवढ्यात ही खुर्चीतून उठली आणि म्हणाली, “चला, बस चुकेल.” बसला अजून बराच वेळ होता.

बसमध्ये म्हणाली, “तळ्यावर जाऊ या.”

तळं म्हणजे वाळवंटातला एक ठेंगणा बांध आणि त्याने अडवलेलं तळहाताएवढं पाणी. चहूकडे रेती, खुरटी झुडपं, आणि मधे हे निळं काहीतरी. पाटीवर त्याला जलाशय लिहिलंय. ही आणि हिचा धाकटा भाऊ दर वर्षी तिथे तंबू ठोकतात, होडी घेतात, गळ टाकून बसतात. मीही जातो. मी काठावर स्टोव्ह सांभाळतो. पाण्याचं आणि माझं जमत नाही. बादलीत पाय घालायचा तरी मी आधी तळ बघून घेतो.

त्या तळ्यात एक मोठा मासा आहे. गळाला लावलेलं सगळं खातो, दोरीला दोन हिसके देतो आणि चालता होतो. ही त्याला जावई म्हणते. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा हा एकुलता एक जावई, त्याचे लाड पुरवायलाच हवेत, असं हिचं म्हणणं. कितीतरी वर्षं तो हिला चकवतोय. आज बसच्या खिडकीला डोकं टेकवून म्हणाली, “एकदा तरी त्याला हातात धरून बघायचंय हो.”

मी म्हणालो, धरशील की. त्यात काय.

७ मार्च

हिचे दोन कुडते आत घेतले. गेल्या महिन्यात घेतले होते तेच. टेप अंगाभोवती फिरवताना मी आकडा मोठ्याने म्हणालो नाही. हीसुद्धा काही म्हणाली नाही, नुसती माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, “केस कापून घ्या. गिऱ्हाइकं घाबरतील.”

शिवणीच्या आत भरपूर जास्तीचं कापड, म्हणजे माया, ठेवून टीप मारली. म्हणाली, “जास्तीचं कापून टाका ना, कडेला टोचतं.” मी म्हणालो, “अंग भरलं की पुन्हा सोडायला लागेल. तेव्हा कापड कुठून आणू?” तिने शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “बरं. राहू द्या.”

९ मार्च

मेहुणा शाळेची व्हॅन चालवतो. त्याला परीक्षांमुळे सुट्टी नाही. तो आम्हाला सोडून परत येणार आणि पुन्हा न्यायला येणार. मग होडी कोण वल्हवणार? मी विचारलं तर दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, थट्टा पुरे. थट्टा नव्हती.

१२ मार्च

पोचलो. वारा इतका की तंबूने आम्हालाच गुंडाळलं. होड्या भाड्याने देणारा तोच आहे, आम्ही त्याला गॉगल म्हणतो, कारण त्याचे डोळे आजवर कुणी पाहिलेले नाहीत. हिला बघून तो हसत पुढे आला आणि मधेच थांबला. मग उगाचच होडीचं बूड पुसायला लागला.

दुपारी पहिला धडा. वल्हवणाऱ्याचं तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, ही काय पद्धत आहे? मी पाठीमागे जातोय, आणि ही माझ्यासमोर बसून हुकूम सोडतेय. “डावं. अहो, तुमचं डावं. जेवायचा हात नव्हे, दुसरा!” होडी गोल गोल फिरली. काठावरून गॉगल ओरडला, “काका, भवऱ्यासारखी नका फिरवू, बाईंना चक्कर येईल!” ही इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. मग मी घाबरून वल्हंच सोडलं. ते पकडायला पुन्हा भवरा.

“मला बघत वल्हवा,” ही म्हणाली. “पाण्याकडे बघू नका. कुठे जायचं ते मी बघते.” तसं केल्यावर जमलं. बऱ्यापैकी लांब गेलो. परत येताना ध्यानात आलं की बराच वेळ मला भीती वाटलेली नव्हती.

म्हणाली, “हे एकट्यालाही जमतं, बरं का. मधून मधून मान वळवायची, बस.” मी म्हणालो, एकटा कशाला येतोय मी इथे तडफडायला.

१३ मार्च

वाईट दिवस.

सकाळपासून गळ टाकून बसलो. लहानसहान लागले, ते हिने सोडून दिले. उन्हं चढली तशी मी परत फिरू म्हणत होतो, तेवढ्यात काठी एकदम वाकली. ही ओरडली, “जावई! जावई आलाय!” दोन्ही हातांनी काठी धरली, पाय होडीच्या कडेला रोवले. तो ओढत होता, होडीसुद्धा हलली. मी वल्हं टाकून मदतीला उठलो तर होडी कलंडायला लागली, म्हणून खाली बसलो. हिचे दंड थरथरत होते. मनगटं अशी झालीत की बांगडी कोपरापर्यंत जाईल. शेवटी काठी हातातून सुटून खाली पडली, दोरी सैल झाली. गेला.

ही काठीकडे बघत बसली. मग म्हणाली, “आता नाही हो जमणार मला.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी हिच्या तोंडून ऐकलेलं नाही. दुकानाला आग लागली तेव्हा नाही, पहिल्यांदा रिपोर्ट आला तेव्हा नाही. मी म्हणालो, “उद्या बघू.” आणि वल्हवायला लागलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी तिच्याच समोर तोंड करून बसलो होतो.

१४ मार्च

आज मी एक उद्योग केलाय. लिहितानाही हसू येतं.

हिला म्हणालो, डोकेदुखीची गोळी संपली. गॉगलच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराच्या गावी गेलो. तिथे एक मासळीवाली बसते, बर्फाच्या गाडीतून तिचा माल येतो. मला माशांतलं काही कळत नाही. ताटात आला की खातो, तेही काटे ही काढून देते म्हणून. मी म्हणालो, “सगळ्यात मोठा द्या. अख्खा, डोक्यासकट.” मी गॉगलशी बोलेपर्यंत बाईने सवयीने त्याचं पोट चिरून साफही केलं! मी ओरडलो, “अहो, हे काय केलंत?” ती म्हणाली, “मग काय आतड्यांसकट खाता?” खवलं काढायला निघाली ती तेवढी थांबवली.

आता पोट फाटलेला मासा पाण्यातून कसा येणार? पण मी टेलर आहे, उगाच नाही. तंबूत माझी सुई आणि दोरे असतातच. गॉगलच्या खोपटामागे बसून शिवला. माशाच्या रंगाचा राखाडी दोरा, आतल्या अंगाने बारीक टाके, वरून दिसायला नुसती रेघ. शेवटी गाठ नाही. मला शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी कधी गाठ मारू दिली नाही, तीन आखूड उलटे टाके घेऊन दोरा कापायचा. गॉगल बघत होता. म्हणाला, “काका, ह्याची ट्रायल कधी?” मेल्याला बजावलं, तोंड उघडलंस तर तुझेही ओठ शिवीन.

मासा ओल्या पोत्यात गुंडाळून होडीच्या टोकाला ठेवला. ही म्हणाली, “पोत्यात काय?” मी म्हणालो, नांगराचे दगड. म्हणाली, “बरं.”

पाण्याच्या मधोमध गेल्यावर हिने गळ टाकला आणि टोपी तोंडावर ओढून झोपली. आजकाल अशीच पटकन झोप लागते. मी श्वास रोखून दोरी वर घेतली, गळ माशाच्या जबड्यात अडकवला आणि कडेवरून वाकून तो पाण्यात सोडायला लागलो. मी, पाण्यावर वाकून! होडी तिरकी झाली आणि वाटलं आता मी मासा सोडून त्याच्यामागे जाणार. पण नशीब बघा, झोपेत हिच्या मुठीत माझ्या शर्टाची कड आली होती. झोपेतही मूठ कसली घट्ट. तिच्यामुळे तोल राहिला. शर्टाचं एक बटण मात्र तटकन तुटून होडीत पडलं.

मग दोरीला हिसका दिला आणि ओरडलो, “अगं ऊठ! काठी बघ!”

ही उठली. काठी धरली. रीळ फिरवायला लागली, हळूहळू, मधे थांबत. मी म्हणालो, “जोर आहे का?” म्हणाली, “नाही. ओढतच नाहीये.”

मी घाईघाईने म्हणालो, “म्हातारा झाला असेल.”

“हो,” ही म्हणाली. “किती वर्षं झगडला. थकला असेल बिचारा. आता यायचंय त्याला.”

मासा वर आला. हिने दोन्ही हातांनी तो मांडीवर घेतला. कुठून कुठून हात फिरवत राहिली, डोक्यावरून, पाठीवरून, पोटाखालून. पोटाखाली तिचा हात थांबला. पण ओल्या खवल्यांत काय कळणार? माझ्या कामात कधी कुणाला टाका दिसलेला नाही. हिने वर बघितलं आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. म्हणाली, “अहो, मिळाला की हो मला जावई!”

माझंही रडू थांबेना. दोघं होडीत बसून रडतोय आणि काठावर गॉगल टाळ्या वाजवतोय. काठाला लागल्यावर त्यानेच माझ्या मोबाईलवर फोटो काढला.

मी म्हणालो, साफ मी करतो. कसं करणार होतो देव जाणे, पण तिच्या हातात पोट द्यायचं नव्हतं. तिने ऐकलं नाही. “जावई माझा, मी बघते. तुम्ही इकडे यायचं नाही.” पाट आणि सुरी घेऊन तंबूमागे बसली. किती वेळ! चहा गार झाला. मी तीन-चारदा ओरडलो, “अगं, झालं का? मासा साफ करतेस की घासतेस?” प्रत्येक वेळी तेच उत्तर, “येऊ नका, आलेच.” हात थरथरतात तिचे, त्याने उशीर होतो. मी धसका घेऊन बसलो होतो की आता विचारेल, पोटात काही नाही कसं? आली ती तुकडे करूनच. काही विचारलं नाही. मरणाची दमली होती, पण चेहरा बघण्यासारखा.

दोन तुकडे खाल्ले हिने! कित्येक आठवड्यांत इतकं खाल्लेलं नाही. खाताना माझ्या ताटातले काटेही काढून देत होती. बटणाची आठवण झाली तर म्हणाली, “होडीतून उचललंय मी. घरी गेल्यावर लावते.” दुकानातली काजंबटणं पहिल्यापासून हिच्याकडेच आहेत. मी कधी हात लावलेला नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगायला हवं. माणूस आनंदात असला की अन्न अंगी लागतं. कुडते सोडायला लागतील, बघा.

१६ मार्च

मेहुणा न्यायला आला. तो आल्या आल्या मी फोटो दाखवला. त्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “ताई, हा ह्या तळ्यात मिळाला?”

“मग काय आभाळातून पडला?” ही म्हणाली. “तुझ्या भाऊजींनी होडी वल्हवली आणि मी ओढला.”

तो हिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “चांगलाच मोठा आहे,” म्हणाला आणि सामान भरायला निघून गेला. एकटाच सगळं भरत होता, मला हात लावू दिला नाही. त्याला जरा लागलं असणार. इतकी वर्षं तो वल्हवत होता आणि मासा माझ्या होडीत आला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

२३ मार्च

खात नाही. पेज अर्धी वाटी. मी म्हणालो, तळ्यावर दोन तुकडे खाल्लेस ना? म्हणाली, “तिथली हवा वेगळी.” मग पुन्हा जाऊ या म्हणालो. “जाऊ की,” म्हणाली आणि डोळे मिटले.

बटण अजून लावलेलं नाही. मी तसाच शर्ट घालून दुकानात बसतो. गिऱ्हाईक म्हणालं, टेलरच्याच शर्टाला बटण नाही! मी म्हणालो, बटणवाली रजेवर आहे.

३० मार्च

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दारात त्यांनी मला नीट सांगितलं, इतकं नीट की ह्यावेळी न कळण्याची सोय नव्हती. आत आलो तर ही म्हणाली, “कळलं ना आता? मला वाटलं मलाच सांगावं लागतंय.” तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिच्या पायांपाशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती माझ्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, “केस कापले नाहीतच ना शेवटी.”

५ एप्रिल

सकाळी ही गेली.

पांघरुणाची कड हातात धरली होती. सोडवून घ्यावी लागली.

१९ एप्रिल

माणसं येऊन गेली. सगळे म्हणतात, सुटली. मी मान हलवतो. मला कोणी विचारलं तर सांगेन, मला नको होतं तिचं सुटणं. कसंही, कितीही थकलेलं माणूस मला खोलीत हवं होतं. हे काही चांगलं बोलणं नव्हे, म्हणून इथे लिहितो.

कुडते कपाटात आहेत. आत माया आहे तशीच. उसवून बघितलं नाही.

एकच गोष्ट मनाला धरून आहे. शेवटी शेवटी का होईना, मी तिला तिचा जावई मिळवून दिला. फसवून दिला, पण तिला काय माहीत.

२७ एप्रिल

आज मेहुणा आला. म्हणाला, “भाऊजी, ताईचा गळांचा डबा मी नेऊ का? आठवण म्हणून.” मी माळ्यावरून काढून दिला. त्याने तो माझ्यासमोरच उघडला.

वरच्या कप्प्यात शिशाचे गोळे, रिळं. खाली दुकानातला बटणांचा रिकामा पुठ्ठा, त्यावर लहानमोठे गळ ओळीने टोचलेले. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात माझ्या शर्टाचं बटण. आणि बटणाभोवती गुंडाळलेला राखाडी दोरा.

मी तो उलगडला. शिवलेला दोरा उसवला तरी सरळ होत नाही, टाक्याटाक्याला त्याची मोड राहते. कुणी पन्नास दोरे समोर ठेवले तरी मी माझा ओळखेन. बारीक, सारख्या मोडी, आणि शेवटी तीन आखूड, जिथे मी उलटा येतो. कुठेही कापलेला नाही. अख्खा.

सुरी तिच्या हातात होती. एक रेघ मारली असती की काम झालं असतं. पण तिने एकेक टाका टोकाने उचलून काढला असणार, त्या थरथरत्या हातांनी, उन्हात, तंबूमागे बसून. आणि मी इकडून ओरडत होतो, अगं झालं का, घासतेस का.

मेहुणा म्हणाला, “मला फोटो बघूनच कळलं होतं, भाऊजी. तो समुद्रातला मासा. तळ्यात कुठून येणार? बोलणार होतो. पण ताईने असे डोळे वटारले. नंतर सामान भरताना मला म्हणाली, ‘त्यांच्यासमोर बोललास तर बघ. त्यांनी पाण्यावर वाकून सोडलाय तो. त्यांनी!’”

मग आम्ही दोघं डब्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो. तो बराच वेळ नाक पुसत होता. जाताना डबा घेतला नाही. म्हणाला, राहू दे इथेच, पुढच्या सुट्टीत तळ्यावर जाऊ तेव्हा लागेल, तुम्ही वल्हवा, मी बसतो.

तो गेल्यावर सुई काढली. तोच दोरा ओवला. मोडींमुळे नेढ्यातून जाईना, दोनदा ओला करावा लागला. बटण लावायला मला वेळ लागला, सवय नाही. थोडं तिरकंच बसलंय. ही असती तर उसवून पुन्हा लावायला लावलं असतं.

शर्ट घालूनच लिहितोय. बटणाला मासळीचा वास येतो. येऊ दे.